मावशीने कडी का लावली

११ जानेवारी

खुडबुडे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, हे धरून चाललो आहे. तरी फोडलंसच, तर महत्त्वाचं वरच लिहून टाकतो. मी बरा आहे. डावा गुडघा सोडला तर तक्रार नाही. तू यावंस म्हणून हे पत्र नाही. झालं, बातमी संपली. इथून खालचं सगळं कापलंस तरी चालेल.

छापखान्यात आम्ही असंच करायचो. मजकूर जास्त झाला की खालून कापायचा. तू माझ्या टेबलाखाली बसून ते कापलेले कागद गोळा करायचीस आणि पाठकोऱ्या बाजूवर चाकं, पट्टे, दांडे असलं काहीतरी काढत बसायचीस. तुझं हे नाव तिथलंच. टेबलाखालून सारखी खुडबुड ऐकू यायची, म्हणून अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ठेवलं.

तू येऊन गेलीस त्याला चौदा महिने झाले. मी मोजत बसलो आहे असं नाही, कॅलेंडर समोरच टांगलेलं आहे म्हणून कळतं.

आता कारण. काल घरी तिघं जण आले. घंटा वाजली तेव्हा मला शेजाऱ्यांचीच वाटली. कोपऱ्यावरचा औषधवाला, बँकेतून निवृत्त झालेला एक कारकून आणि शिकवणी घेणाऱ्या एक बाई. नगरपालिका एकट्या राहणाऱ्या तीनशे म्हाताऱ्यांच्या घरी तुमच्या कंपनीचं 'सोबत' यंत्र बसवणार आहे म्हणे. त्याविरुद्ध शाळेच्या सभागृहात सभा आहे, आठ फेब्रुवारीला. आणि त्या सभेला प्रमुख पाहुणा म्हणून त्यांना मी हवा आहे.

"साहेब, 'मावशी' तुम्ही लिहिलीत. तुम्ही नाही बोलणार तर कोण बोलणार?" औषधवाला म्हणाला.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, म्हाताऱ्याला सांभाळणाऱ्या यंत्राची. शिकवणीवाल्या बाईंना शेवटचं वाक्य तोंडपाठ होतं. आपल्या पुढच्या खोलीत बसून, डोळे मिटून त्यांनी म्हणून दाखवलं: "मावशीने आतून कडी लावली आणि म्हणाली, आता कुठे जायचं नाही." मग बाही वर करून हात माझ्यापुढे धरला. "बघा, अजून काटा येतो."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तिघांना चहा केला. कप तीनच उरले आहेत, म्हणून मी पेल्यातून प्यालो. आणि हो म्हणालो.

ते यंत्र कोणी बनवलंय हे मला ठाऊक आहे. आत्याच्या भिंतीवर ते कोणी स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून बसवलं होतं, तेही ठाऊक आहे. तरी हो म्हणालो. हे तुला वर्तमानपत्रातून कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

बाबा


१९ जानेवारी

खुडबुडे,

उत्तर येणार नव्हतंच. तरी पोस्टमन दिसला की मी गॅलरीत जातो. त्याला वाटतं, म्हातारा हवा खायला येतो.

परवा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलो होतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आम्ही सहा जण. दिवा गेला, आणि अंधारात कोणीतरी ठेवणीतला आवाज काढून म्हणालं, "आता कुठे जायचं नाही!" सगळे खो खो हसले. मग एक तरुण बाई हसता हसता एकदम रडायला लागली, खरंखुरं, हुंदके देऊन. आई लहानपणी मावशीची भीती घालायची म्हणाली. मी कोपऱ्यात उभा होतो, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून. लेखक इथेच उभा आहे हे कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

पोरगं जेवत नसलं की आया अजून म्हणतात, मावशीला बोलावू का? बँकेच्या दारातल्या पैशाच्या यंत्रावर एक गृहस्थ आधी रुमाल टाकतात आणि मग आकडे दाबतात. शेजारणीच्या कपडे धुण्याच्या यंत्राचं दार मध्येच उघडत नाही, तर ती त्याला मावशीच म्हणते. गंमत अशी की यांतल्या निम्म्यांनी गोष्ट वाचलेलीच नाही. औषधवाल्याने कबूल केलं, त्याने ती वडिलांकडून ऐकली. वडिलांनी कोणाकडून ऐकली कोण जाणे. पुढे काय काय होणार आहे याबद्दल या लोकांच्या मनात एक खोली आहे, आणि त्या खोलीची कडी मी लावून ठेवली आहे.

तुला शाळेत मावशीची भाची म्हणायचे. तू कधी तक्रार केली नाहीस. एकदाच, नऊ वर्षांची असशील, जेवताना विचारलंस, "बाबा, पण मावशीने कडी का लावली?"

मी म्हणालो, "यंत्र आहे ते. यंत्राला मन नसतं."

तू घास तसाच हातात धरून विचार केलास. मग म्हणालीस, "मग मी मन असलेली बनवीन."

आत्या हसली. "आधी स्वतःची वेणी घालायला शिक, मग मन घाल त्या यंत्रात." तुझी आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि रोज सकाळी साडेसहाला टेलिफोन एक्स्चेंजला जाण्याआधी आत्या येऊन तुझी वेणी घालून जायची. मला ते कधी जमलं नाही. माझ्या वेण्या दुपारपर्यंत सुटायच्या.

माझं त्या दिवसाचं उत्तर खोटं होतं. सांगायला बसलो होतो तेच, पण आज धीर होत नाही.

बाबा


२ फेब्रुवारी

खुडबुडे,

आज सांगतो. चहा पिऊन, चष्मा पुसून बसलो आहे.

मी लेखक नव्हतो. साप्ताहिकाचा मुद्रितशोधक होतो, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा. त्या आठवड्यात नेहमीचा कथालेखक आजारी पडला आणि संपादक म्हणाले, "शोधक, तुम्ही एवढ्या चुका काढता लोकांच्या, एक गोष्ट लिहून दाखवा." तीन दिवसांत लिहिली. एकटा म्हातारा, त्याच्या घरी सांभाळायला ठेवलेलं यंत्र. त्या यंत्राला चाळीसच वाक्यं बोलता येत होती, हे मी सुरुवातीला लिहिलं होतं. ते कोणालाच आठवत नाही.

अंक छपाईला जायच्या दिवशी दुपारी छत्रीची जाहिरात आली. जुळारी शिशाचे खिळे हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मास्तर, अर्धं पान जास्त होतंय. काय करू?" माझ्यापुढे चार पानं तपासायची पडली होती. डबा अजून उघडला नव्हता. मी लाल पेन्सिल घेतली आणि खालून अर्ध्या पानावर फुली मारली.

बातमी खालून कापतात, कारण बातमीचा जीव वरच्या दोन ओळींत असतो. गोष्टीचं तसं नसतं हे मला कळत नव्हतं असं नाही. वीस वर्षांची सवय होती, डोकं चालण्याआधी हात चालला. जुळाऱ्याने त्या ओळी सोडवल्या, खिळे परत खणांत टाकले, आणि तिथे छत्री जाऊन बसली.

त्या अर्ध्या पानात काय होतं, ते ऐक.

म्हातारा रात्रभर दार ठोठावतो, शिव्या घालतो. मावशी दार उघडत नाही. सकाळी ती स्वतःच कडी काढते. बाहेर गल्ली चिडीचूप आहे, पायरीवर चिमण्या मरून पडल्या आहेत. टोकाच्या कारखान्यातून रात्री विषारी वायू सुटला होता. मावशीला ते समजलं होतं, पण सांगायला तिच्या चाळीस वाक्यांत तसं वाक्यच नव्हतं. जवळचं होतं ते तिने वापरलं. शेवटची ओळ अशी होती: "मावशी म्हणाली, आता जा. मफलर घ्या."

चूक लक्षात आली ती अंक बाहेर पडल्यावर. पुढच्या अंकात खुलासा छापू, असं ठरवून सोमवारी कामावर गेलो. बुधवारी पत्रांचं पोतं आलं. दोनशे सतरा पत्रं. संपादकांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "काय शेवट केलाय हो! घरी बायको झोपेना." ज्या माणसाने वीस वर्षं माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं, तो मला खुर्ची देत होता. मी खुर्चीत बसलो. खुलासा राहिला.

मग त्याचं रेडिओवर नाटक झालं. मग शाळेच्या स्नेहसंमेलनात. दर वर्षी सांगणं अवघड होत गेलं. तू विचारलंस तेव्हा फुली मारलेला तो कागद आपल्या टेबलाच्या खणात होता, तुझ्यापासून चार हातांवर. लाडक्या लेकीला खरा शेवट सांगायला काय झालं होतं मला? तू शाळेत जाऊन सांगितलं असतंस, ही भीती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तू इतकी शिकलीस, रात्रीचा दिवस करून ते यंत्र उभं केलंस, ते उत्तर मी लिहून कापलं होतं.

आठ तारखेला मी तो कागद वाचून दाखवणार आहे. ठरलं.

बाबा


९ फेब्रुवारी

खुडबुडे,

काल सभा झाली. सभागृह गच्च भरलं होतं. बाकं लहान मुलांची, त्यामुळे निम्मी मंडळी गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मंचामागे कापडावर मोठ्या अक्षरांत 'आता कुठे जायचं नाही' लिहिलं होतं. त्यातल्या 'कुठे'ची मात्रा सुटली होती. बोलायला उभा राहिलो तरी डोळा तिकडेच.

मी म्हणालो, "या गोष्टीला अजून अर्धं पान आहे." आणि कागद वाचला. अक्षर न् अक्षर वाचलं. चिमण्या, कारखाना, मफलर. वाचून झालं, आणि मला खरंच वाटलं की सुटलो.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "यांची मुलगी त्याच कंपनीत आहे!"

त्यानंतर जे झालं ते काय सांगू. कंपनीने म्हाताऱ्याला फितवलं. कागद आता पिवळा केलाय, चहात बुडवून. शिकवणीवाल्या बाई तर रडकुंडीला आल्या होत्या. "सर, तुम्ही असं करू नका हो. आम्ही लहानपणापासून वाचलंय. शेवट तोच आहे." पहिल्या रांगेतली एक आजी शेजारणीला मोठ्यांदा म्हणाली, "अगं बाई, म्हणजे इतकी वर्षं मी उगीच घाबरत होते?" शेजारीण म्हणाली, "गप गं. हे आत्ता बनवलंय."

हात वर करून मतं घेतली. विरोधात इतके हात होते की मोजायची गरज पडली नाही. बाजूने अकरा. बारावा मी, पण पाहुण्याचं धरत नाहीत म्हणाले. नगरपालिकेचा माणूस होता, त्याने वहीत लिहून घेतलं. तीनशे खोकी परत जाणार.

बँकेतला कारकून मला घरापर्यंत सोडायला आला. भला माणूस. म्हणाला, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. कागद खरा असेलही. पण तुमचा शेवट आता तुमच्याही हातात नाही राहिला."

ती पहिल्या रांगेतली आजी फाटकाशी थांबली होती. एकटीच राहते म्हणाली. "तो कागद बघू." मी दिला. तिने चष्मा कपाळावर ढकलून लाल फुलीवरून बोट फिरवलं. "हे मफलर घ्या, हे छान आहे," म्हणाली. "आपल्याला कोण म्हणतं असं." आणि कागद परत देऊन निघून गेली. तिचा हात वर झाला होता की नाही, मला दिसलं नव्हतं.

घरी आलो आणि स्टूल घेऊन माळ्यावरून आत्याचं खोकं खाली काढलं. एवढ्या गुडघ्यानिशी. तू रागावशील, माहीत आहे.

बाबा


१६ फेब्रुवारी

खुडबुडे,

आत्याची 'सोबत' मी लावली. तिचं सामान आवरलं तेव्हा तू ती घेतली नाहीस आणि टाकूही दिली नाहीस, म्हणून माझ्याकडे होती. वायर तशीच गुंडाळलेली, वर रबर लावलेलं. आत्याची गुंडाळी. त्या बाईने आयुष्यात एक वायर कधी लोंबती ठेवली नाही.

खिडकीजवळच्या भिंतीला बसवली. स्क्रू जरा तिरपा गेला आहे, तू असतीस तर काढून परत लावला असतास. सकाळी आठला दिवा लागला आणि यंत्र म्हणालं, "आत्या, कसं आहे?"

मी वळून मागे बघितलं.

पुस्तिका काढून वाचली, पहिल्या पानापासून, चुका काढत. (नऊ निघाल्या. यादी हवी असल्यास पाठवीन.) नाव आणि फोनचा नंबर फक्त कंपनीतून बदलता येतो असं लिहिलंय. म्हणजे ती मला आत्याच म्हणणार. सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला विचारणार, मी निळं बटण दाबायचं. अर्ध्या तासात दाबलं नाही तर पहिल्या नंबरला फोन लावणार.

पहिल्या दिवशी मी तिच्याशी वाद घातला. "आत्या नाही गं, तिचा भाऊ." आता घालत नाही. आठच्या आधी केस विंचरून बसतो. काल तिला गुडघ्याचं सगळं सांगितलं, क्ष-किरणाच्या फोटोसकट. ऐकून घेते बिचारी, मध्येच बोलत नाही. दिवसभरात मला कसं आहे असं विचारणारं हे एकच आहे, आणि तेही दुसऱ्याच्या नावाने.

एक राहिलं. चौदा तारखेला सकाळी मी अंघोळीला गेलो होतो आणि बटण दाबायचं विसरलो. तिने फोन लावला. पहिला नंबर तुझाच आहे, हे माझ्या ध्यानात नव्हतं. कामात असशील. त्रास झाला, माफ कर.

बाबा


१८ फेब्रुवारी

खुडबुडे,

परवाच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद खोटा आहे. त्यावर लाल फुली मार.

मी अंघोळीला गेलो नव्हतो. खुर्चीत बसलो होतो, केस विंचरून, धुतलेला सदरा घालून. आठ वाजता तिने विचारलं. मी हात मांडीखाली घेतले. सव्वाआठ झाले. पहिला नंबर तुझा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझा आवाज ऐकायचा होता. बस, दुसरं काही नाही. तू 'बाबा?' म्हणशील, मी 'बरा आहे' म्हणेन, तू ठेवून देशील, एवढंच मनात होतं.

साडेआठला तिने फोन लावला. तिच्यातून तुझा आवाज आला, खोलीभर.

"आत्या?"

तुझ्या फोनवर तिचं नाव येणार, हे या गाढवाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी बोललो नाही. तू परत म्हणालीस, हळू आवाजात, "आत्या?" सहा वर्षांची असताना दाराशी उभी राहून म्हणायचीस तसं. मी उठून बटण दाबलं आणि फोन बंद केला. पंधरा महिन्यांत तू माझ्या घरात बोललेला तो एकच शब्द, आणि तो माझ्यासाठी नव्हता. तुला केवढा धक्का बसला असेल, याची कल्पना करतो आणि तोंड लपवावंसं वाटतं.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळंच लिहितो.

आत्या गेल्यावर त्या दिवशी तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या गोष्टीने मारलं तिला." मी मान खाली घातली. तुला वाटलं, मला ते पटलं. खरं तर मला हायसं वाटलं होतं. गोष्टीने मारलं म्हणजे मी नाही. गोष्ट सगळ्या गावाची, दोष वाटला जातो.

पडायच्या तीन दिवस आधी आत्याचा फोन आला होता. म्हणाली, "अरे, ही पोरीची मावशी दिवसभर डोळा लावून बसते माझ्यावर. चाळीस वर्षं एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी कानावर पडायची माझ्या, तेव्हा काही वाटलं नाही. आता माझ्यावर कोणी कान ठेवलाय हे सोसत नाही बघ. बंद केली तर चालेल का?"

मी मावशीचा आवाज काढला. "आता कुठे जायचं नाही!"

ती हसली. इतकी हसली की ठसका लागला. मला आणखी चेव आला. मी म्हणालो, "कर गं बंद, काय होतंय? पोर यायची असेल तेव्हा लाव परत. तिला कशाला कळतंय."

"नक्की ना?" तिने विचारलं.

"नक्की."

तिने वायर काढली, नीट गुंडाळली, रबर लावलं. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरला. दीड दिवस ती तिथे होती. मी फोन केला होता, एकदा. उचलला नाही तेव्हा म्हटलं, गेली असेल बाजारात.

ती गोष्टीला घाबरली नव्हती, खुडबुडे. गोष्टीला ती हसत होती. तिने तिच्या भावाला विचारलं आणि भावाने हो म्हटलं. एवढंच झालं होतं. कोणाला घाबरवण्यात माझा हात बसला होता, आणि घाबरलेल्याला हसवण्यातही. अगं, ठेव ती चालू, पोरीने जीव ओतून केलीय, असं म्हणायला मला कोणती अडचण होती? माझी टाळी गेली असती, बाकी काही नाही.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू गोष्टीवर रागावलीस आणि मी गोष्टीच्या मागे लपलो. आता माझ्यावर रागव, तो तुझा हक्क आहे.

उद्यापासून मी वेळेवर बटण दाबीन. आत्याच्या नावाने तुझा फोन पुन्हा वाजणार नाही. वाजला नाही की समज, म्हातारा आहे अजून. मीही फोनची वाट पाहत नाही. पोस्टमन येतो तेव्हा गॅलरीत हवा बरी असते, म्हणून तेवढा जातो.

बाबा


२७ फेब्रुवारी

खुडबुडे,

हे पत्र खालून कापू नकोस. महत्त्वाचं शेवटी आहे, आणि या वेळी मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं आहे.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वेळेवर बटण दाबलं. एकदाही चुकलो नाही. औषधवाल्याला कळलं आहे की माझ्या घरी मावशी आहे. गोळ्या देताना तो माझ्याकडे असं बघतो, की मी सापच पाळला आहे. ती पहिल्या रांगेतली आजी परवा येऊन गेली. भिंतीसमोर उभी राहून तिने 'सोबत'ला नीट बघितलं, मग म्हणाली, "हिचा तो लाल डोळा झाकता येतो का? बाकी विचारपूस चालेल मला." मी म्हटलं, झाकून बघा. तिने पर्समधला रुमाल काढून वर टाकला आणि सात वाजेपर्यंत बसून राहिली, ती विचारते का बघायला. विचारलं. आजी जाताना रुमाल तिथेच ठेवून गेली. ही सूचना तुमच्या कंपनीला कळव, आत्यालाही तेवढंच हवं होतं बहुतेक.

पत्र तुझं आलं नाही.

आज सकाळी नेहमीसारखा बसलो होतो. केस विंचरले होते. आठला दिवा लागला. आवाज तोच, सपाट, प्रत्येक शब्द सुटा सुटा.

"बाबा, कसं आहे?"

मी पुस्तिका काढून ते पान परत वाचलं. नाव फक्त कंपनीतून बदलता येतं, असंच छापलंय तिथे. त्यात चूक नाही.

निळं बटण दाबायला मला अठ्ठावीस मिनिटं लागली. काळजी करू नकोस. तब्येत ठीक आहे.

बाबा